पान्याचे माप आणि मापनपद्धतींचा इतिहास : कर्जत-खालापूर परिसराच्या विशेष संदर्भात

गोषवारा :

नट-बोल्ट आवळण्यासाठी व सैल करण्यासाठी वापरला जाणारा पाना हे यंत्रयुगातील अत्यंत साधे हत्यार आहे. त्यावर कोरलेला आकडा मात्र साधा नाही. तो आकडा कधी बोल्टच्या जाडीचा असतो, तर कधी नटच्या समोरासमोरील दोन सपाट बाजूंमधील अंतराचा असतो. तो कधी इंचात, तर कधी मिलिमीटरमध्ये असतो. प्रस्तुत निबंधात पान्याच्या मापनपद्धतींचा ऐतिहासिक विकास स्पष्ट करून, रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत रेल्वे, जलविद्युत, पोलाद उद्योग व महामार्गावरील वाहतूक यांच्याद्वारे या पद्धती कशा येत गेल्या याचे विवेचन केले आहे. मापनपद्धतीतील बदल कायद्याने घडतो, परंतु कामगाराच्या बोलीत आणि हत्यारांच्या पेटीत तो संथपणे व अपूर्ण स्वरूपात उतरतो, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : पाना, व्हिटवर्थ आटे, सूत, मेट्रिक पद्धती, भोर घाट, खोपोली, कर्जत.

प्रस्तावना :

इतिहासलेखनात यंत्रांना स्थान मिळाले, परंतु यंत्र दुरुस्त करणाऱ्या हत्यारांना ते अभावानेच मिळाले आहे. भोर घाटातील रेल्वेचा इतिहास सांगताना बोगदे, पूल, चढ आणि अभियंते यांची माहिती तपशिलाने दिली जाते. परंतु त्या मार्गावरील प्रत्येक रूळ दुसऱ्या रुळाला ज्या बोल्टने जोडला गेला, तो बोल्ट कोणत्या मापाचा होता व तो आवळणाऱ्या कामगाराला कोणता पाना उचलायचा हे कसे कळत होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक औद्योगिक समाजाचे दैनंदिन व्यवहार अशाच लहान प्रश्नांवर उभे असतात. चुकीचा पाना लावल्यास नटचे कोपरे झिजतात, पाना निसटतो आणि कामगाराचा हात जायबंदी होतो. त्यामुळे पान्यावरील आकडा समजणे ही केवळ तांत्रिक बाब नसून ती कामगाराच्या सुरक्षिततेशी आणि त्याच्या ज्ञानाशी निगडित आहे.

कर्जत व खालापूर हे तालुके या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेला हा भातशेतीचा प्रदेश १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला व १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नामकरण रायगड असे झाले. मुंबईहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग आणि रस्ता या दोहोंना घाट चढण्यापूर्वी याच परिसरात यावे लागते. परिणामी ब्रिटिश, अमेरिकन, जर्मन, स्विस आणि फ्रेंच अशा वेगवेगळ्या देशांतील तंत्रज्ञान या छोट्याशा भूप्रदेशात एकामागून एक येत गेले.

उद्दिष्टे :

१. पान्याच्या मापनाच्या प्रमुख पद्धती व त्यांतील फरक स्पष्ट करणे.
२. कर्जत-खालापूर परिसरात या पद्धती ज्या मार्गांनी आल्या त्यांचा मागोवा घेणे.
३. मेट्रिक पद्धतीच्या स्वीकारानंतर कामगारांच्या बोलीत झालेल्या व न झालेल्या बदलांची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती : प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, प्रकाशित माहिती, प्रमाणित मापांचे आकडे आणि प्रचलित बोलीतील संज्ञा यांचा आधार घेतला आहे.

१. पान्यावरील आकड्याचा अर्थ :

पान्याच्या मापाचा विचार करताना तीन मापे वेगळी करावी लागतात. पहिले माप बोल्टच्या दांड्याच्या व्यासाचे, म्हणजे ज्या भागावर आटे पाडलेले असतात त्या भागाच्या जाडीचे. दुसरे माप नटच्या किंवा बोल्टच्या डोक्याच्या समोरासमोरील दोन सपाट बाजूंमधील अंतराचे. तिसरे माप समोरासमोरील दोन कोपऱ्यांमधील अंतराचे. षट्कोनी नटमध्ये कोपऱ्यांमधील अंतर हे सपाट बाजूंमधील अंतराच्या सुमारे १.१५ पट असते. उदाहरणार्थ, सपाट बाजूंमधील अंतर १३ मिलिमीटर असेल तर कोपऱ्यांमधील अंतर सुमारे १५ मिलिमीटर भरते. पान्याच्या तोंडाचा संबंध यांपैकी फक्त दुसऱ्या मापाशी असतो, कारण पाना नटला सपाट बाजूंवरच धरतो.

नट व पाना यांचे माप तंतोतंत सारखे ठेवल्यास पाना नटवर बसणारच नाही. म्हणून नट त्याच्या नामनिर्देशित मापापेक्षा किंचित लहान आणि पान्याचे तोंड किंचित मोठे ठेवले जाते. ही मोकळीक मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते. ती वाढली की सगळा जोर सपाट बाजूवर न पडता कोपऱ्यावर पडतो आणि कोपरा झिजू लागतो. सुट्या नटचे माप घ्यावयाचे असल्यास व्हर्निअर कॅलिपरने सपाट बाजूंमधील अंतर मोजणे, हाच निःसंदिग्ध मार्ग होय.

आज वापरात असलेल्या मेट्रिक पान्यावर हेच अंतर मिलिमीटरमध्ये कोरलेले असते. मात्र पान्यावर सपाट बाजूंमधील अंतर कोरण्याची प्रथा सुरुवातीपासून नव्हती. ब्रिटिश पद्धतीत पान्यावर बोल्टची जाडी कोरलेली असे. ‘१/२ डब्ल्यू’ असे लिहिलेल्या पान्याचे तोंड अर्धा इंच नसून ते ०.९२० इंच, म्हणजे सुमारे २३.४ मिलिमीटर असते. अर्धा इंच जाडीच्या व्हिटवर्थ बोल्टच्या नटला तो लागतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पान्याचा इतिहास समजून घेण्यासाठी हा भेद मूलभूत आहे.

२. व्हिटवर्थ पद्धती आणि तिच्या स्पर्धक पद्धती :

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रत्येक कारखाना आपापल्या सोयीने आटे पाडत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर बसेलच याची खात्री नव्हती. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्टचे नमुने गोळा करून त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे एकसमान आट्यांची योजना मांडली. त्यात आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता व प्रत्येक जाडीसाठी दर इंचातील आट्यांची संख्या ठरवलेली होती. पाव इंची बोल्टला इंचात २०, अर्धा इंचीला १२ आणि एक इंचीला ८ आटे असे ते प्रमाण होते.

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये ६० अंशांच्या कोनाची वेगळी पद्धत मांडली. तिचे एक वैशिष्ट्य असे की, नटच्या मापासाठी त्याने सूत्र दिले. बोल्टच्या व्यासाच्या दीडपट अधिक इंचाचा आठवा भाग, इतके साध्या नटच्या सपाट बाजूंमधील अंतर असावे, असे ते सूत्र होते. त्यानुसार अर्धा इंची बोल्टच्या नटचे माप ७/८ इंच येते. युरोप खंडात १८९८ मध्ये झुरिक येथे भरलेल्या परिषदेत मेट्रिक आट्यांची आंतरराष्ट्रीय पद्धत मान्य करण्यात आली.

ब्रिटनमध्ये १९०८ मध्ये बारीक आट्यांची प्रमाणित पद्धत आली आणि तिच्या नटची डोकी व्हिटवर्थच्या मानाने एक पायरी लहान ठेवण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूची बचत करण्यासाठी व्हिटवर्थ नटही त्याच लहान मापावर आणले गेले. परिणामी एकाच पान्यावर ‘१/४ डब्ल्यू’ आणि ‘५/१६ बीएस’ असे दोन आकडे कोरलेले आढळतात, कारण दोहोंचे तोंड ०.५२५ इंचांचेच असते. म्हणजे अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टच्या जुन्या नटला ०.९२० इंचांचा, तर नव्या नटला ०.८२० इंचांचा पाना लागू लागला. पान्यावर बोल्टचे नाव कोरण्याच्या पद्धतीचा अंगभूत दोष येथे उघड होतो. बोल्ट तोच राहिला, नटचे डोके बदलले आणि पान्यावरचा आकडा फसवा ठरला.

युद्धकाळात मित्रराष्ट्रांना परस्परांची यंत्रे दुरुस्त करताना या भिन्नतेचा मोठा त्रास झाला. त्यातून नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी ६० अंशांची एकत्रित म्हणजे ‘युनिफाइड’ पद्धत स्वीकारली. या पद्धतीच्या पान्यांवर सपाट बाजूंमधील अंतर इंचाच्या अपूर्णांकात कोरलेले असून त्यापुढे ‘एएफ’ ही अक्षरे येतात.

३. लोहमार्ग आणि ब्रिटिश मापांचे आगमन :

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे धावली. १८५६ मध्ये हा मार्ग कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आला. घाटमाथ्यावरील खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने ओलांडावा लागे. जेम्स बर्कले हे या रेल्वेचे मुख्य अभियंता होते. सुमारे २५ किलोमीटर लांबीचा, २५ बोगदे असलेला आणि ३७ मध्ये १ इतका तीव्र चढ असलेला भोर घाटमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. बांधकामाच्या ऐन काळात येथे चाळीस हजारांच्या आसपास मजूर राबत होते. घाटमार्ग खुला झाल्यावर खोपोली मुख्य मार्गापासून बाजूला पडले व पळसदरी-खोपोली हा फाटा झाला. कर्जत हे मात्र चढणीच्या गाड्यांना मागून जोर देणारी इंजिने जोडण्याचे ठिकाण म्हणून महत्त्वास चढले.

ही रेल्वे ब्रिटिश कंपनीची होती. तिचे रूळ, इंजिने व पुलांचे लोखंडी भाग इंग्लंडहून येत. त्यामुळे इंच, फूट आणि व्हिटवर्थ आटे हे त्या सामग्रीसोबतच येथे आले. शेतकरी व कारागीर समाजाला लांबीची स्वतःची मापे माहीत होती. गजाचे २४ तसू मानले जात व एक तसू इंचाहून थोडा मोठा भरे. रेल्वे व कारखान्यांमुळे इंचाचा प्रसार झाला, परंतु इंचाचे भाग पाडण्यासाठी ‘सूत’ हा देशी शब्द रूढ झाला. एका इंचाचे आठ सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाव इंच म्हणजे दोन सूत आणि पाऊण इंच म्हणजे सहा सूत. इंग्रजी अपूर्णांक वाचता न येणाऱ्या कामगारालाही या हिशेबामुळे बोल्टची जाडी पूर्णांकात सांगता येऊ लागली. ३/८ आणि १/२ यांत मोठे कोणते हे ठरवण्यासाठी छेद समान करावे लागतात. तीन सूत आणि चार सूत यांत मोठे कोणते हे मुलालाही कळते. सूत हे परकीय मापाचे केवळ भाषांतर नव्हते. ती त्या मापाची कामगारांनी केलेली सुलभ पुनर्रचना होती.

व्हिटवर्थ पद्धतीत पान्यावर बोल्टची जाडीच कोरलेली असल्यामुळे ही बोली आणि पान्यावरील आकडा यांचा मेळ बसत होता. चार सुती बोल्टला ‘१/२’ लिहिलेला पाना. पान्याचे तोंड प्रत्यक्षात किती रुंद आहे हे कामगाराला जाणून घेण्याची गरज नव्हती. एका अर्थाने ही मोठी सोय होती, परंतु तिला एक मर्यादाही होती. पान्यावरील आकडा पुसला गेला तर फूटपट्टी लावून तो पुन्हा शोधता येत नव्हता. तोंड मोजले असता ०.९२० इंच भरे व त्यावरून तो अर्धा इंची बोल्टचा पाना आहे हे केवळ तक्त्यावरून किंवा अनुभवाने कळे. ज्ञान हत्यारात नसून उस्तादाच्या स्मरणात साठवलेले होते आणि शिकाऊ कामगार त्यासाठी उस्तादावर अवलंबून होता.

१९०१ मध्ये ब्रिटनमध्ये अभियांत्रिकी प्रमाणीकरणाची समिती स्थापन झाली आणि १९०३ पासून भारतीय रेल्वेसाठी प्रमाणित इंजिनांचे आराखडे तयार होऊ लागले. कर्जतच्या दक्षिणोत्तर मार्गावर धावणाऱ्या इंजिनांची दुरुस्ती त्यामुळे अधिक एकसारखी झाली. तथापि याच काळात नेरळ येथे वेगळ्या देशाचे तंत्रज्ञान आले. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभारलेली, दोन फूट रुंदीची नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. तिची वाफेची इंजिने ऑरेन्स्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीची होती. जर्मन बनावट म्हणजे मेट्रिक पाने, असा निष्कर्ष येथे घाईने काढता येत नाही. त्या काळी खुद्द जर्मन उद्योगातही व्हिटवर्थ आटे मोठ्या प्रमाणावर प्रचलित होते. यंत्राचा देश आणि आट्यांची पद्धत या दोन गोष्टी एकच नसतात, हे यंत्रेतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

४. वीज, पोलाद आणि मिश्र मापांचा काळ :

टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीची स्थापना १९१० मध्ये झाली व १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह कार्यान्वित झाले. घाटमाथ्यावर साठवलेले पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून पेल्टन चक्रे फिरवण्याची ही योजना होती. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे आंध्र व्हॅली कंपनीचे वीजगृह सुरू झाले. अशा वीजगृहांत उच्च दाबाखालील नळांच्या जोडांवरील बोल्ट एकसारख्या ताणाने आवळणे, हा सुरक्षिततेचा कळीचा मुद्दा असतो. त्यामुळे रेल्वेखेरीज दुसऱ्या एका क्षेत्रातही मापाची शिस्त या परिसरात रुजली.

कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९-३० च्या सुमारास पूर्ण झाले. घाटासाठी आणलेल्या मालगाडीच्या विद्युत इंजिनांना ‘खेकडा’ असे नाव पडले. त्यांपैकी १० इंजिने स्वित्झर्लंडमध्ये आणि ३१ इंजिने इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत तयार झाली. एकाच आराखड्याची इंजिने दोन देशांत बनवणे हे मापांच्या एकवाक्यतेशिवाय शक्य नव्हते. प्रमाणीकरणाचे महत्त्व येथे दिसून येते.

स्वातंत्र्योत्तर काळात खालापूर तालुक्याचे औद्योगिक स्वरूप बदलले. १९६२ मध्ये फ्रान्समधील युजिन कंपनीच्या सहकार्याने महिंद्रा युजिन स्टील कंपनी स्थापन झाली व तिचा मिश्रपोलादाचा कारखाना खोपोलीजवळ उभा राहिला. फ्रान्स ही मेट्रिक पद्धतीची जन्मभूमी होय. एकीकडे फ्रेंच सहकार्याचा पोलाद कारखाना आणि त्याच गावात इंच-फुटांच्या काळातील रेल्वे, असे दृश्य खोपोलीत निर्माण झाले.

याहून अधिक मिश्रण मुंबई-पुणे रस्त्यावर झाले. बोरघाट चढण्यापूर्वी व उतरल्यानंतर ट्रकला खोपोली परिसरात थांबणे सोयीचे पडे आणि त्यामुळे रस्त्याकाठच्या गॅरेजांना काम मिळे. या ट्रकांची घडण मात्र भिन्न होती. टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून बनवलेल्या टाटा मर्सिडीज-बेंझ ट्रकला मेट्रिक पाने लागत. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे डॉज व फार्गो ट्रक, तसेच महिंद्राच्या जीप या अमेरिकन घडणीच्या असल्यामुळे त्यांना एएफ पाने लागत. ब्रिटिश घडणीच्या जुन्या वाहनांना व बुलेट मोटारसायकलीला व्हिटवर्थ-बीएस पाने लागत. अशा स्थितीत महामार्गावरील मेस्त्रीला तिन्ही पद्धतींचे पाने बाळगणे भाग होते.

या तिन्ही पद्धतींची तोंडे मिलिमीटरमध्ये मांडली असता अडचणीचे स्वरूप स्पष्ट होते.

१/४ डब्ल्यू : १३.३ मिलिमीटर
५/१६ डब्ल्यू : १५.२ मिलिमीटर
३/८ डब्ल्यू : १८.० मिलिमीटर
७/१६ डब्ल्यू : २०.८ मिलिमीटर
१/२ एएफ : १२.७ मिलिमीटर
९/१६ एएफ : १४.३ मिलिमीटर
५/८ एएफ : १५.९ मिलिमीटर
३/४ एएफ : १९.०५ मिलिमीटर

यावरून असे दिसते की, ३/४ एएफच्या जागी १९ चा किंवा ३/८ डब्ल्यूच्या जागी १८ चा पाना बहुधा चालून जातो. परंतु १/४ डब्ल्यूच्या नटवर १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा पाना ढिला पडतो. १/२ एएफच्या नटवर १३ चा पाना बसतो खरा, पण ०.३ मिलिमीटरची जादा फट राहते व गंजलेल्या नटवर जोर लावताच कोपरे झिजतात. कोणता पाना कोठे ‘चालतो’ आणि कोठे ‘मारतो’ याचे हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात एकत्र दिलेले नव्हते. ते गॅरेजात हाताने शिकावे लागे. हे ज्ञान केवळ सवयीचे नव्हे, तर तीन मापनपद्धतींच्या तुलनेचे ज्ञान होते, याची दखल घेणे न्याय्य ठरेल.

५. मेट्रिक कायदा आणि त्याची अंमलबजावणी :

भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ मध्ये संमत झाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनमापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. बाजारातील शेर जाऊन किलो आला. त्यापुढे १९७६ चा व २००९ चा असे कायदे झाले. भारतीय मानक संस्थेचे रूपांतर १९८७ मध्ये भारतीय मानक ब्यूरोत झाले. षट्कोनी बोल्ट व नट यांची भारतीय मानके मेट्रिक मापांत निश्चित झाली.

व्यापारातील मापे आणि यंत्रातील मापे यांत मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. दुकानदाराचे वजन एका दिवसात बदलता येते, कारण तांदळाला वजनाची आठवण नसते. यंत्रातील बोल्ट मात्र जन्मतःच एका मापाचा असतो आणि यंत्र भंगारात जाईपर्यंत तो तसाच राहतो. म्हणून कायदा झाल्यानंतरही जुन्या यंत्रांसोबत जुने पाने टिकून राहिले.

रेल्वेत हीच बाब स्पष्टपणे दिसते. यार्डाला ९० पौंड वजनाचा रूळ ‘९० आर’ या नावाने ओळखला जाई. पुढे आलेले रूळ मीटरला ५२ व ६० किलोग्रॅम या वजनांनी ओळखले जाऊ लागले. येथे वस्तू बदलली व नावही बदलले. याउलट साडेपाच फुटांची रुंदी १६७६ मिलिमीटर झाली आणि माथेरानची दोन फुटांची रुंदी ६१० मिलिमीटर झाली. येथे वस्तू तीच राहिली, केवळ आकडा बदलला. घाटाच्या चढाचे ३७ मध्ये १ हे प्रमाण मात्र कोणत्याही पद्धतीत तेच राहिले, कारण ते गुणोत्तर आहे.

मेट्रिक पद्धतीनेही सर्व गोंधळ संपवला असे म्हणता येत नाही. १० मिलिमीटर बोल्टच्या डोक्याला जर्मन मानकानुसार १७ चा, तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार १६ चा पाना लागतो. १२ मिलिमीटर बोल्टबाबत १९ व १८, तर १४ मिलिमीटर बोल्टबाबत २२ व २१ असा फरक आहे. म्हणूनच बाजारातील दुतोंडी पान्यांच्या संचात १६-१७ आणि १८-१९ अशा जोड्या आढळतात.

६. नावांची अदलाबदल :

मेट्रिक पद्धतीने पान्यावरील आकडा मोजता येण्याजोगा झाला. तोंडात फूटपट्टी धरली की १३ चा पाना १३ मिलिमीटर भरतो. आकडा पुसला गेला तरी तो पुन्हा शोधता येतो. पूर्वी जे ज्ञान उस्तादाच्या स्मरणात होते, ते आता हत्यारात आले. नवशिक्या कामगाराच्या दृष्टीने हा मोठा बदल होता.

परंतु त्याबरोबर बोलीत एक उलटापालट झाली. व्हिटवर्थ काळात पान्याला बोल्टचे नाव मिळत होते. आज बोल्टला पान्याचे नाव मिळते. गॅरेजात ‘तेराचा बोल्ट’ म्हटले की ज्याला १३ चा पाना लागतो तो, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचा बोल्ट अभिप्रेत असतो. ‘दहाचा बोल्ट’ म्हणजे गॅरेजात ६ मिलिमीटर जाडीचा, कारण त्याच्या डोक्याला १० चा पाना लागतो. हार्डवेअरच्या दुकानात मात्र ‘दहाचा बोल्ट’ म्हणजे १० मिलिमीटर जाडीचा. दोघेही मिलिमीटरमध्येच बोलत असतात, तरी दोघांच्या मनातील बोल्ट वेगवेगळे असतात. माप एक झाले, पण काय मोजायचे हे एक झाले नाही.

सूत या शब्दाचे टिकून राहणेही याच संदर्भात पाहावे लागते. बांधकामावर आजही १२ मिलिमीटरची सळई ‘चार सुती’ म्हणून, तर १० मिलिमीटरची ‘तीन सुती’ म्हणून मागितली जाते. काटेकोर हिशेबाने चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर व तीन सूत म्हणजे ९.५ मिलिमीटर. बोलीतील सूत हे आता माप राहिले नसून नाव झाले आहे. कर्जत-खालापूरच्या जमीन व्यवहारांतही असेच घडते. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते आणि बोलणी मात्र गुंठ्यात होतात. गुंठा व आर यांत सव्वा टक्क्याहूनही कमी फरक असल्यामुळे तेथे हे खपून जाते. यंत्रात मात्र असे खपत नाही, कारण तेथे मिलिमीटरच्या दशांशाने नटचा कोपरा वाचतो किंवा झिजतो.

निष्कर्ष :

१. पान्यावरील आकड्याचा अर्थ पद्धतीनुसार बदलतो. व्हिटवर्थ पद्धतीत तो बोल्टच्या जाडीचा, तर एएफ व मेट्रिक पद्धतीत तो नटच्या सपाट बाजूंमधील अंतराचा असतो. हा भेद लक्षात न घेता केलेले इंच-मिलिमीटर रूपांतर दिशाभूल करते.

२. कर्जत-खालापूर परिसरात मापनपद्धती कायद्यापूर्वीच यंत्रांबरोबर आल्या. रेल्वे, वीजगृहे, पोलाद कारखाना आणि महामार्ग हे त्यांच्या आगमनाचे मार्ग होते. घाटाच्या पायथ्याचे भौगोलिक स्थान हे या मिश्रणाचे प्रमुख कारण होय.

३. सूत हा शब्द परकीय मापाला कामगारांनी दिलेला प्रतिसाद आहे. अपूर्णांकांचे पूर्णांकात रूपांतर करून त्यांनी माप आपल्या आवाक्यात आणले.

४. सपाट बाजूंमधील अंतर कोरण्याच्या प्रथेमुळे पान्याचे माप कोणालाही पडताळून पाहता येऊ लागले. तरीही बोल्टला पान्याच्या नावाने ओळखण्याच्या सवयीतून नवी संदिग्धता निर्माण झाली. औद्योगिक प्रशिक्षणात बोल्टची जाडी व पान्याचे माप ही दोन्ही नावे सोबत शिकवली गेल्यास ही संदिग्धता दूर होऊ शकेल.

५. जुनी यंत्रे जसजशी भंगारात निघतात, तसतसे व्हिटवर्थ व एएफ पानेही किलोच्या भावाने विकले जातात. ज्या हातांना तीन पद्धतींचा फरक स्पर्शाने कळत होता, ती पिढीही आता वार्धक्याकडे झुकली आहे. या पान्यांवरील आकडे, त्यांच्या जोड्या आणि त्यांची बोलीतील नावे यांची नोंद स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी करून ठेवल्यास, घाटाखालच्या या औद्योगिक परिसराच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन उपलब्ध होईल. बोगद्यांची व पुलांची नोंद सरकारी दप्तरांत आहे. ते बोगदे व पूल चालते ठेवणाऱ्या हातांची नोंद मात्र या हत्यारांवरच शिल्लक आहे.